मनगटाचं टेनिस

आप्पांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, पण गर्दी एकाच खुर्चीची. आतली, भिंतीकडची खुर्ची आप्पांची आणि दाराजवळची त्यांच्या पुतण्याची. पुतण्या काही कच्चा कारागीर नव्हता. कानावर मैदान आणि टाळूवर झुडूप असले नव्या पोरांचे कट तोच चांगले मारायचा. पण जुनं गिऱ्हाईक त्याची खुर्ची रिकामी दिसली तरी बाकावर पेपर उघडून बसायचं. "होऊ दे आप्पांचं सावकाश, मला कुठे गाडी पकडायचीय," असं म्हणायचं, आणि पुतण्या बिचारा फडकं झटकून पुन्हा तेच फडकं घडी करत बसायचा.

याला कारण आप्पांचं मनगट. काय मनगट होतं ते! कोपर जागच्या जागी, बोटं जेमतेम हलताहेत, आणि कात्री मात्र अशी चाललीय की डोळे मिटून बसलेल्या माणसाला झोप यावी. केसांतून बाहेर आली तरी हवेत चालूच. "थांबवली की ती विचार करायला लागते," आप्पा म्हणायचे. आपल्या मनगटाचा त्यांना गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो त्यांना शोभतही होता. फक्त हरणं त्यांना सोसायचं नाही. कॅरममध्ये एक डाव गेला तरी घरी येताना चपला अशा काढत की स्वयंपाकघरातून काकू न बघता विचारायच्या, "आज कुणाकडून हरून आलात?"

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. आप्पांचं आलंच मुळी मुंगीच्या पावलांनी. आधी शर्ट चढवताना उजवा खांदा नुसता कुरकुरला. मग वरच्या फळीवरची पावडर काढताना कळ आली. आप्पांनी बाम चोळला, कुशी बदलली, दोन-चार जणांची चार-चार औषधं केली. आणि एक दिवस हात छातीच्या वर जाईचना. मनगट तसंच हुशार, तसंच चपळ, पण त्याला डोक्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम खांद्याचं, आणि खांद्याने संप पुकारलेला.

"खांदा आखडलाय," डॉक्टर म्हणाले. "सुटेल, पण रोज व्यायाम पाहिजे. चालढकल केलीत तर मात्र असाच राहील."

पुतण्याने मोठ्या अदबीने विचारलं, "काका, तुमच्या खुर्चीवर तोवर दुसरा कुणी कारागीर बघू का?"

"नको," आप्पा म्हणाले. "मी येतोय."

मग पुतण्याने त्या खुर्चीवर स्वच्छ पांढरी चादर घातली. आप्पांनी ती पाहिली आणि पाठ फिरवली. घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "अगं, मला दुसरं काहीसुद्धा येत नाही. ही खुर्ची गेली तर मी करू काय?" काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी तो हात वर करा. मग बघू."

तर अशा रीतीने आप्पा फिजिओथेरपीच्या सेंटरमध्ये दाखल झाले. लांबलचक हॉल, एका बाजूला दोऱ्या आणि कप्प्या, दुसऱ्या बाजूला शेकायच्या गरम पिशव्या, आणि समोरच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा. प्रत्येकाने भिंतीला लागून उभं राहायचं, बोटं सरकवत हात नेता येईल तितका वर न्यायचा, आणि जिथे अडेल तिथे फिजिओ मॅडम खूण करणार. लहान पोरांची उंची मोजतात ना, तसं. आप्पांची पहिली खूण जेमतेम त्यांच्या मिशीपर्यंत आली.

हॉलच्या टोकाला मोठा टीव्ही होता. मॅडमनी आप्पांच्या हातात एक पांढरा रिमोट दिला आणि त्याची दोरी मनगटात अडकवली. टीव्हीत टेनिसचं मैदान, त्यावर आप्पांसारख्याच मिशांचा एक बुटका बाहुला. आप्पांनी हात फिरवला की बाहुला रॅकेट फिरवणार.

"मॅडम, मी खांदा दाखवायला आलोय. हे पोरांचे खेळ मला कशाला?"

"कप्पी ओढताना तुमचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं, आप्पा. इथे नसेल. फक्त हात पूर्ण फिरवायचा, खांद्यापासून. सर्व्हिस करताना तर पार डोक्यावर."

पलीकडे दुसरा रिमोट घेऊन पोस्टातल्या बाई उभ्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी पोस्टाच्या खिडकीमागे टपालावर शिक्के मारण्यात काढली, निवृत्त झाल्या, आणि मग खांदा आखडला. एकट्या राहायच्या. केस कमरेपर्यंत, पण कसेबसे एका मोठ्या चापात कोंबलेले. टीव्हीतल्या त्यांच्या बाहुलीच्या डोक्यावर मात्र छान गोल अंबाडा होता. "निदान तिचा तरी बांधलाय," बाई म्हणायच्या.

बाई टेनिस खेळायच्या ते शिक्का मारल्यासारखं. दात-ओठ खाऊन हात जाईल तितका वर न्यायचा आणि वरून धप्पकन आणायचा. आप्पांनी खांदा वाचवत वाचवत हात फिरवला तोवर चेंडू मागच्या कुंपणाला. डावामागून डाव गेले. शेवटी बाई घाम पुसत म्हणाल्या, "हरलात हो आप्पा. पावती फाडू का?"

त्या दिवशी चपलांचा आवाज शेजारच्या घरातही गेला असेल. "कुणाकडून हरलात?" काकूंनी विचारलं. "टीव्हीकडून," आप्पा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पण आप्पा ते आप्पा. दुसऱ्या दिवशी आपली पाळी येईपर्यंत ते रिमोट हातात धरून नुसते उभे होते. बोटांना सवय, मनगट आपलं हवेत कात्री चालवल्यासारखं झटके घेतंय. आणि टीव्हीतल्या बाहुल्याने सणसणीत रॅकेट फिरवली! आप्पा चपापले. पुन्हा एक बारीकसा झटका दिला. पुन्हा सणसणीत रॅकेट.

"अरेच्चा!" आप्पा मनाशी म्हणाले. "घोडं इथं पेंड खातंय होय!"

टीव्हीला खांदा दिसतच नव्हता. रिमोट किती जोरात वळला, कधी वळला, एवढंच त्याला कळत होतं. म्हणजे हा खेळ खांद्याचा नव्हताच, मनगटाचा होता, आणि मनगटाच्या खेळात आप्पांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता. मग त्यांनी त्या खेळाची अशी नस पकडली की बघतच राहावं. सर्व्हिसला रिमोट जरासा वर हलवायचा, चेंडू वर जातो, आणि अगदी टोकाला पोचून क्षणभर थबकतो तेव्हाच झटका. जरा आधी नाही, जरा नंतर नाही. मग चेंडू धुराची शेपटी सोडत जातो आणि समोरच्याला हलायलाही वेळ मिळत नाही. समोरून आलेला चेंडू जरा लवकर मारला तर एका कोपऱ्यात, जरा थांबून मारला तर दुसऱ्या. झटक्याच्या शेवटी मनगट किंचित वळवलं की चेंडू टप्पा खाऊन भलतीकडेच. बाहुल्याकडे बघायचंच नाही, चेंडूच्या सावलीकडे बघायचं, हेही त्यांनीच शोधून काढलं. त्याच टीव्हीवर चेंडू घरंगळवून बाटल्या पाडायचा बोलिंगचा खेळ होता, त्यात तर त्यांनी चेंडू सोडताना मनगटाला दिलेला पीळ असा बसायचा की सगळ्या बाटल्या एका फटक्यात आडव्या. हे सगळं उभ्या उभ्या, कोपर पोटाशी, खांदा सुखात.

सेंटरमध्ये शनिवारी सामने व्हायचे आणि जिंकणाऱ्याचं नाव पांढऱ्या फळ्यावर लिहायचे. लोकांनी दांडी मारू नये म्हणून मॅडमनी काढलेली युक्ती. फळ्यावर 'आप्पा' लिहिलं गेलं, ते पुसायची गरजच पडेना. घरी चपला अलगद निघू लागल्या. काकू म्हणाल्या, "खांद्याचं काय ते सांगा." आप्पा म्हणाले, "अगं, सगळ्यांना लोळवलंय मी!" आणि काकूंना वाटलं, म्हणजे बरं वाटतंय.

त्यातच मॅडमच्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि त्या रजेवर गेल्या. जाताना सगळ्यांना बजावून गेल्या, "हात पूर्ण फिरवून खेळायचं हं!" सगळ्यांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या. मागे राहिली ती मदतनीस ताई. गरम पिशव्या द्यायच्या आणि टीव्ही लावायचा एवढंच तिचं काम. आणि मग आप्पा आपोआप सगळ्यांचे वस्ताद झाले.

पोस्टातल्या बाई अजून जुन्याच पद्धतीने खेळत होत्या. हात वर नेताना त्यांचा चेहरा वेडावाकडा व्हायचा, आणि तरी त्या हरायच्या. आप्पांना राहवेना. माणूस मनाने चांगला.

"बाई, हात इतका वर नेता कशाला? दुखतं ना?"

"दुखतं म्हणजे? डोळ्यांत पाणी येतं."

"मग सोडा तो नाद. मी दाखवतो." आप्पांनी सलूनच्या सवयीने खांद्यावर टाकलेलं फडकं काढलं, त्याची घडी केली आणि बाईंच्या काखेत दिली. "हे पडू द्यायचं नाही. बास."

ही सलूनची शिकवण. नवीन पोरगं धंद्यात आलं की त्याच्या काखेत घडीचं फडकं देतात आणि कात्री चालवायला लावतात. फडकं पडलं की डोक्यात टपली. त्यामुळे हात अंगाशी राहतो, कोपर गिऱ्हाइकाच्या नाकाला लागत नाही आणि कात्री मनगटातून चालायला लागते. आप्पा स्वतः असेच शिकले, पुतण्याला त्यांनी असंच शिकवलं. आता त्यांनी पोस्टातल्या बाईंना शिकवलं, आणि बाईंचं बघून आणखी चार जणांनी आपापल्या काखेत नॅपकिन धरले. हॉलमध्ये कण्हण्याचा आवाज बंद झाला. सगळे हसतखेळत, हात पोटाशी धरून, टीव्हीत मैदान गाजवू लागले. एका शनिवारी आप्पांनी मुद्दाम दोन चेंडू सोडले आणि फळ्यावर बाईंचं नाव लागलं. बाई त्या फळ्याकडे चहा निवेस्तोवर बघत बसल्या होत्या.

त्या आनंदातच त्या म्हणाल्या, "आप्पा, तुमचा हात चालू झाला की पहिली कात्री माझ्या डोक्यावर. कानापर्यंत कापून टाका सगळे."

"का हो? एवढे छान केस!"

"छान आहेत, पण बांधणार कोण? मागे हातच जात नाही. शेजारची सून सकाळी येऊन वेणी घालून जाते. तिच्या नवऱ्याची बदली झालीय. जातील आता ते." बाईंनी चाप काढून पुन्हा लावला, एका हाताने, बाजूला. "आईने शिकवलेला अंबाडा आहे माझा. पण रोज उठून दुसऱ्याच्या दारात डोकं घेऊन जायचं म्हणजे जिवावर येतं."

"कापेन," आप्पा म्हणाले. "येतोच आहे मी आता खुर्चीवर."

आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. रोज जिंकणाऱ्या माणसाला आपण बरे नाही असं वाटेल कशाला?

एका सकाळी ते सलूनमध्ये गेले आणि त्यांनी खुर्चीवरची चादर ओढून काढली. पुतण्याच्या हातातलं मशीन थांबलं. बाकावर समोरच्या दुकानातले घड्याळवाले बसले होते. आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, बोलायला कमी आणि उंचीला भलतेच. आप्पा त्यांना शिडीराव म्हणत.

"ये रे शिडी," आप्पा म्हणाले. "उद्घाटन तुझ्यापासून."

कानामागचं झालं, मानेवरचं झालं. कात्री पूर्वीसारखी बोलत होती आणि आप्पांचा चेहरा फुलला होता. मग टाळूची पाळी आली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. आप्पांनी पायाने खटका दाबून खुर्ची खाली घेतली. पुन्हा हात नेला. पुन्हा खुर्ची खाली. होता होता खुर्ची पार तळाला टेकली, आणि शिडीरावांचे गुडघे त्यांच्या हनुवटीपाशी आले.

"अरे, मला जमिनीत पुरतोस की काय?" शिडीराव म्हणाले.

"मान वाकव जरा. अजून. अजून वाक ना!"

शिडीराव वाकले, इतके वाकले की आरशात फक्त त्यांची पाठ उरली. आप्पांनी डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरलं आणि कात्री टाळूवर नेली. खांद्यातून कळ निघाली आणि कर्रकन एक घास कापला गेला. मग तो सारखा करायला दुसरा. मग टाळूवर पायऱ्याच तयार झाल्या. आणि कात्री थांबली. हवेतसुद्धा चालेना. पुतण्या पुढे आला तेव्हा शिडीरावांनी त्याला हातानेच थांबवलं. आरशात डोकं या बाजूने, त्या बाजूने पाहिलं.

"झकास," ते म्हणाले. "टाळूला वारा लागत नव्हता फार दिवस." मग खुंटीवरची पुतण्याची टोपी त्यांनी काढली, डोक्यावर घातली, आप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेले.

आप्पा काचेतून बघत राहिले. समोर शिडीराव डोळ्याला भिंग लावून, टोपी घालून, कुणाचं तरी घड्याळ उघडत होते. दिवसभर त्यांनी ती टोपी काढली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आप्पांनी चादर पुन्हा खुर्चीवर घातली, चारी कोपरे नीट ओढले आणि ते घरी आले. चपला कधी काढल्या ते काकूंना कळलंही नाही. जेवताना आप्पा रडले. अगदी सरळ, घास हातात धरून रडले.

"अहो, तुम्ही तर रोज जिंकून येता ना?" काकू घाबरून म्हणाल्या.

"तेच तर," आप्पा म्हणाले. "तेच तर कळत नाही मला."

मॅडम रजेवरून आल्या आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना भिंतीला उभं केलं. आप्पांची बोटं सरकत गेली आणि जुन्या खुणेपाशी अडली.  मग बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या खुणा बघण्यासारख्या होत्या. मॅडम जाईपर्यंत एकावर एक, एकावर एक वर चढत गेलेल्या. बाईंनी हात सरकवला. दात-ओठ खाल्ले. बोटं शेवटच्या खुणेच्या बरीच खाली थांबली.

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "फळ्यावर तर नाव आहे माझं."

"खेळून दाखवा बरं मला," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी सवयीने काखेत नॅपकिन धरला, आप्पांसमोर उभ्या राहिल्या, आणि मनगटाच्या झटक्यासरशी चेंडू धूर काढत गेला. मॅडम आधी खुदकन हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं.

"हे काखेत फडकं धरायचं डोकं कुणाचं?"

 सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या.

"माझं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, टीव्हीतल्या बाहुल्याचा खांदा तुम्ही ठणठणीत केलात. आता तुमचा आणि बाईंचा कोण करणार?"

मॅडम रागावल्या असत्या तर परवडलं असतं. आप्पांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वतःचं नुकसान एक वेळ माणूस गिळतो. पण बाई अजून भिंतीपाशीच होत्या, आपल्याच जुन्या खुणेवर खालून बोट लावायला बघत होत्या, आणि बोट पोचत नव्हतं.

"बाई, मी तुमचं वाटोळं केलं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही कसलं करताय?" बाई फणकारल्या. "मला जिंकायला आवडत होतं. न दुखता जिंकायला कुणाला आवडणार नाही?" आणि जरा थांबून, हळू आवाजात, "आत्ता कुठे नाव लागलं होतं हो."

आप्पांनी उजवा हात मॅडमसमोर धरला. "माझं मनगट बांधून टाका. नुसतं सांगून ऐकणार नाही ते. उभा जन्म त्याने दुसरं काही केलेलं नाही. रिमोट दिसला की ते झटका देणारच."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत एक पातळ लाकडी पट्टी ठेवली आणि वरून घट्ट बँडेज गुंडाळलं. मनगट तसूभर हलेना. बाईंनी आपला नॅपकिन आप्पांच्या खांद्यावर नेऊन टाकला आणि स्वतःचाही हात पुढे केला. "मलाही बांधा. यांच्याच शाळेतली मी."

त्यानंतर आप्पा असे हरले की विचारू नका. खांद्यापासून हात उचलायचा म्हणजे वेळ लागायचा, चेंडू टोकावरून कधीच खाली आलेला असायचा. सर्व्हिस जाळ्यात, परतीचा फटका आकाशात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ खुर्चीत बसून खेळायचे, ते जिंकले. मदतनीस ताई गरम पिशव्या देता देता सहज एक डाव खेळली, ती जिंकली. मिशीवाला बाहुला टीव्हीत मान खाली घालून उभा राहायचा, आणि आप्पा त्याला शिव्या द्यायचे.

पहिले काही दिवस चपला दणादणा वाजल्या. काकू विचारायच्या, "आज काय झालं?"

"हरलो."

"आणि हात?"

"हात..." आप्पा जरा आठवून म्हणाले, "बोटभर वर गेला वाटतं."

"मग उद्यापण हरा की."

हे मात्र आप्पांना पटलं. कळ यायची तिथे ते थांबेनात. श्वास सोडून आणखी थोडं वर जायचे, मग आणखी थोडं. भिंतीवरची खूण मिशीवरून नाकावर आली, नाकावरून कपाळावर. बाईंची त्यांच्या पुढे होती. फळ्यावर दुसऱ्यांची नावं लागत होती आणि आप्पा ती वाचून बाकीच्यांना शाबासकीसुद्धा द्यायला लागले होते. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आप्पांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मग एका शनिवारी मॅडमनी दोघांचीही बँडेजं सोडली. पट्टीखालचं मनगट पांढरं पडलं होतं.

"आज असंच खेळा," त्या म्हणाल्या.

आप्पा विरुद्ध बाई. सगळा हॉल कामं सोडून टीव्हीभोवती गोळा झाला. आप्पा हात खांद्यापासून फिरवत होते, बाई वरून शिक्के मारत होत्या. खेळ बरोबरीत आला आणि पुढचा पॉइंट ज्याचा सामना त्याचा, अशी वेळ आली. सर्व्हिस आप्पांची.

मोकळं मनगट वळवळत होतं. एक झटका, एवढासा, कात्रीचा असतो तेवढा, की चेंडू धूर काढत जाणार आणि फळ्यावर 'आप्पा' येणार. आप्पांच्या तोंडाला पाणी सुटलं म्हणा ना! त्यांनी बाजूला पाहिलं. बाई त्यांच्या हाताकडेच बघत होत्या. नुसत्या बाईच नाही, सगळेच. आज यांनी झटका दिला की उद्या सगळ्यांच्या काखेत नॅपकिन येणार, हे आप्पांना लख्ख कळलं.

त्यांनी चेंडू उडवला आणि हात उचलला. सावकाश, खांद्यापासून. छाती गेली, मिशी गेली, कपाळ गेलं. कळ आली, तिलाही मागे टाकलं. दंड कानाला लागला तेव्हा चेंडू टोकावरून उतरलेला होता. आप्पांनी वरून मारला. चेंडू धूर न काढता, साधासुधा, म्हाताऱ्या माणसासारखा पलीकडे गेला. बाईंनी हात पार वर नेला, शिक्का मारला, आणि चेंडू मिशीवाल्या बाहुल्याच्या बाजूने निघून गेला.

"जिंकले!" बाई ओरडल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर फेकले.

हात वरच राहिले. बाईंचं तोंड उघडंच होतं. त्यांनी आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग ते दोन्ही हात त्यांनी हळूहळू डोक्यामागे नेले. चाप काढला. केस पाठीवर पडले. बोटांनी ते गोळा केले, एक पीळ दिला, दुसरा दिला, गोल फिरवून आत खोचले. मध्येच एकदा त्या कळवळल्या, थांबल्या, पण हात खाली आणले नाहीत. अंबाडा जरासा एका बाजूला कलला होता. मदतनीस ताई डोळे पुसत होती.

"माझं गिऱ्हाईक पळवलंत बाई तुम्ही," आप्पा म्हणाले.  गिऱ्हाईक गेल्याचा आनंद त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झाला होता.

"आप्पा," मॅडम म्हणाल्या, "तुमचा हात बघा."

आप्पांनी मान वळवली. रिमोट धरलेला त्यांचा हात अजून डोक्याच्या वरच होता. कुणाच्या आधाराशिवाय उभा.

सेंटरमधून ते घरी गेले नाहीत. सरळ सलूनमध्ये गेले. पुतण्या एकाची दाढी करत होता.  आप्पांनी चादर काढली आणि पायाने खटका मारत खुर्ची वर घेतली. शिडीरावांसाठी ती तळाला नेली होती, तशीच तळाला होती अजून. नेहमीच्या उंचीला आली तेव्हा ते दारात गेले आणि समोरच्या दुकानाकडे बघून त्यांनी हाक मारली.

शिडीराव भिंग काढून आले. डोक्यावर तीच टोपी. टोपीखालून केस कानावर, मानेवर कसेही वाढले होते.

"अरे, हे काय? इतके दिवस पुतण्याकडून कापून का नाही घेतलेस?" आप्पा म्हणाले.

"तू येतो म्हणाला होतास ना," शिडीराव म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आप्पांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फणी ओली केली, कात्री उचलली. ती हवेत चालू झाली.

"टोपी काढ," आप्पा म्हणाले. "आणि मान वाकवू नकोस. ताठ बस."